जुनं लाकूड उक्तं देऊ नका: कोल्हापुरात लाकूड विकायचं, घ्यायचं आणि कापून घ्यायचं कसं

२०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात कोल्हापूरजवळच्या चिखलीतलं आमच्या मामांचं घर बसलं. पांढऱ्या मातीच्या भिंती, पाण्यात दिवसेंदिवस राहिल्यावर उभ्या राहणार तरी कशा. पण सागवानाचे खांब, तुळया, माडीच्या फळ्या सगळं शाबूत होतं. पाणी उतरल्यावर एक पाडकामवाला आला, "सगळ्याचं उक्तं बोला" म्हणाला, म्हणजे न मोजता सगळ्याचा एकच भाव, आणि मामा त्यावेळी ज्या मनःस्थितीत होते त्यात त्यांनी हो म्हटलं. दोन टेंपो भरून माल गेला. नंतर मी आजोबांच्या वहीतल्या मापांवरनं हिशोब मांडला तर नुसते खांब आणि तुळया मिळूनच ४० घनफूट भरले, फळ्या, वासे, दारं धरलीच नाहीत त्यात. मिळालेले पैसे जळणाच्या लाकडाच्या भावापेक्षा थोडेच जास्त होते. अजून वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट माप. लाकूड घनफुटावर विकतात, दुकानात सीएफटी म्हणतात ते हेच. चौकोनी मालाला लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ नं भागायचं. १२ फुटी तुळई, ८ इंच बाय ६ इंच, म्हणजे १२ × ८ × ६ भागिले १४४, बरोब्बर ४ घनफूट. मामांच्या अशा ६ तुळया होत्या, २४ घनफूट झाले. ८ फुटी खांब ६ बाय ६ चा असेल तर २ घनफूट, असे ८ खांब, १६ झाले. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे आणि त्या दोन मिनिटांत समोरच्याची बोलायची भाषाच बदलते, बघा अनुभव घेऊन.

गोल ओंडक्याचं माप वेगळं असतं आणि तिथं नवखा माणूस हमखास गोंधळतो. ओंडक्याच्या मधोमध दोरी गुंडाळून घेर काढायचा, त्याचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्या चौथ्या हिश्श्याला त्यानंच गुणायचं, मग लांबीनं गुणून १४४ नं भागायचं. घेर ४८ इंच आणि लांबी १० फूट असेल तर १२ × १२ × १० भागिले १४४, म्हणजे १० घनफूट. खरं बघितलं तर त्या ओंडक्यात पावणेतेरा घनफुटाच्या आसपास लाकूड असतं, पण ही जुनी पद्धत कापताना जाणारा माल गृहीत धरूनच चालते. फसवणूक नाही त्यात, फक्त दोघांनी एकाच पद्धतीनं मोजायला पाहिजे. साल धरून घेर घेतलाय का साल काढून, हे भाव बोलायच्या आधी विचारून घ्या.

आता विकायचं असेल तर. घर पाडताना सगळ्यात मोठं नुकसान चेनसॉनं होतं, कारण पाडणाऱ्याला टेंपोत बसेल एवढ्या लांबीचे तुकडे पाडायची घाई असते आणि १४ फुटी तुळईचे दोन तुकडे झाले की तिची किंमत निम्म्यानं नाही, त्याहून जास्त उतरते. जुन्या घरांत तुळया भोकात कुसू (टोकाला कोरलेली जीभ) घालून, वरनं लाकडी खुंटी मारून बसवलेल्या असतात, त्या खुंट्या ठोकून काढल्या की अख्खी तुळई सुटते. आधी कौलं, मग रिपा, वासे, मग माडीच्या फळ्या, शेवटी तुळया आणि खांब, या क्रमानं वरनं खाली उतरायचं आणि पाडकामाचा ठेका देतानाच "लाकूड माझं, कापायचं नाही" हे लिहून घ्यायचं. उतरवलेला माल जातीप्रमाणं आणि मापाप्रमाणं वेगळा लावा, प्रत्येक नगावर खडूनं माप लिहा. सगळा ढीग एकत्र दाखवला की भाव सगळ्यात वाईट नगाचा लागतो.

गिऱ्हाईक फक्त टिंबर मार्केटमध्येच असतं असं नाही. तिथं जा, दोन-तीन ठिकाणी भाव काढा, पण उद्यमनगराकडंही, म्हणजे कारखान्यांच्या भागात, एक चक्कर मारा. आपल्याकडं फौंड्री एवढ्या आहेत की लाकडी पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरनं पाडतात तो नमुना) बनवणारे कारागीर कायम चांगल्या वाळलेल्या सागवानाच्या शोधात असतात, कारण पॅटर्न हलला, वाकला की कास्टिंगचं माप बिघडतं, आणि ऐंशी-नव्वद वर्षं घरात उभं असलेलं लाकूड जे हलायचं ते कधीच हलून झालेलं असतं. त्यांना लांबी नको असते, त्यामुळं खांबाचे चांगले आखूड तुकडे तिथं चालतात.

घेणाऱ्यानं काय बघायचं? आधी जात. सागवान तासल्यावर चामड्यासारखा, तेलकट वास येतो, रंग सोनेरी तपकिरी, हाताला किंचित मेणचट लागतं. आमच्या भागातल्या जुन्या घरांत सगळं सागवान नसतंच. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यातल्या जंगलांत मिळणारं ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, फणस असं बरंच काही घरांत वापरलेलं दिसतं आणि वरनं काळा रंग चढला की सगळी सारखीच दिसतात. म्हणून कोपऱ्यावर रंध्यानं किंवा पटाशीनं एक साल काढून बघायची. वजनावरनंही कळतं, वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण १८ ते २० किलो भरतं, ऐन २४-२५ च्या घरात जातं. ऐन वाईट लाकूड नाही बरं का, तुळईला उत्तम, पण दाराच्या पल्ल्याला जड पडतं आणि सुताराच्या हत्याराची धार खातं. फणस देवघराला, पाटाला सुंदर, रंग पिवळाधमक आणि पुढं गडद होत जातो.

मग टोकं बघा. तुळईचं जे टोक भिंतीत होतं तेच आधी कुजतं, वरनं धड दिसतं आणि स्क्रू ड्रायव्हर टोचला की दोन इंच आत जातो. तेवढं टोक मापातनं वजा करायला सांगा, तसंच कुसवाची भोकं असलेला भागही. बारीक भोकं आणि खाली पिठासारखी ताजी पावडर दिसली तर तो नग घेऊ नका, कीड तुमच्या घरात येईल. भोकं जुनी, काळी पडलेली आणि पावडर नसेल तर कीड मेलेली असू शकते, पण नग बाजूला ठेवून आठवडाभरानं परत बघा. पुरात भिजलेलं लाकूड घ्यायला हरकत नाही, फक्त चिरांत गाळ बसलेला असतो तो तारेच्या ब्रशनं धुऊन काढायचा आणि सावलीत वाळवायचं, उन्हात टाकलं की फाटतं.

नव्या मालाचं थोडक्यात सांगतो. बल्लारशा सागवानाला मान आहे, दांडेलीकडचंही येतं, परदेशातनं आलेलं सागवान दिसायला मोठं आणि सरळ पण त्यात रेषांचा आणि रंगाचा फरक खूप असतो, त्यामुळं नुसत्या नावावर जाऊ नका, नग बघून घ्या. बाहेरचा पांढरट भाग किडीला पहिला बळी पडतो, चौकटीच्या नगात तो कोपऱ्यालाही नको. ओलावा बघायचं मीटर आता सहज मिळतं, घरातल्या फर्निचरला १० ते १२ टक्के पाहिजे. दुकानदार मीटर लावू देत नसेल तर दुसरीकडं जा. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर जात आणि घनफूट लिहिलेलं पाहिजे.

बांधावरचं स्वतःचं सागवान तोडायचं असेल तर ते आपलं आहे म्हणून सरळ तोडता येत नाही. १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे, सातबारा घेऊन वन विभागाकडं अर्ज करायचा, परवानगी आली की तोड, मग नगांवर वन विभागाच्या हातोड्याचा शिक्का आणि वाहतूक परवाना, त्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका, गाडीसकट माल अडकतो. शहरात घराच्या आवारातलं झाड असेल तर महापालिकेची परवानगी लागते. घराच्या पाडकामातलं लाकूड हलवतानाही उभ्या घराचे फोटो, घरपट्टीची पावती जवळ ठेवा आणि फॉरेस्ट ऑफिसात आधी विचारून या. अमावास्येच्या सुमारास तोडलेल्याला कीड लागत नाही असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, मी मात्र एवढंच बघतो की तोड पाऊस संपल्यावर थंडीत व्हावी म्हणजे लाकूड सावकाश वाळतं.

आता कापणी, इथं जास्त वेळ द्या. सॉ मिलला जायच्या आधी सुताराबरोबर बसून यादी करा, काय बनवायचंय, किती नग, तयार माप काय. साधी ७ फुटी दाराची चौकट ५ बाय ३ मध्ये घेतली तर दोन उभ्या आणि साडेतीन फुटाची वरची आडवी मिळून साडेसतरा फूट, म्हणजे १.८२ घनफूट, लाकडी उंबरा घातला तर २.१९. (उंबरा घालाच, आमच्याकडं त्याला हळदीकुंकू लावतात, दगडी पट्टीवर ते होत नाही असं मला तरी वाटतं.) रंधा मारून ३ इंच पाहिजे असेल तर कापून सव्वातीन घ्या. बँड सॉची पाती दर कापाला दोन-तीन मिलिमीटर खाते, गोल पाती त्याच्या दुप्पट, सहा फळ्या काढायच्या तर अर्धा-पाऊण इंच असाच भुशात जातो, तो धरून मांडणी करा.

जुन्या लाकडातले खिळे घरीच काढायचे. मोठ्या चुंबकाला दोरी बांधून सगळ्या बाजूंनी फिरवायचं, शक्य असेल तर हातातला मेटल डिटेक्टर भाड्यानं आणायचा, कारण डोकं तुटलेला घडीव खिळा आत दीड इंचावर असतो आणि वरनं फक्त काळा डाग दिसतो. खिळ्याला पाती लागली की दात जातात, पातीचा खर्च तुमच्यावर येतो आणि तुटलेली पाती मिस्त्रीच्या अंगावर येऊ शकते, म्हणून यात कंजुषी करू नका. भिंतीची माती, चुना, डांबर आधी खरवडून काढा. खात्री नसेल तो नग मिस्त्रीला तसं सांगूनच द्या.

मिलमध्ये दर घनफुटावर, फुटावर का तासावर ते आधी ठरवा, सालपटं आणि भुसा कुणाचा तेही. आणि स्वतः उभं राहा. नव्या ओंडक्याचा मधला कोवळा गाभा चौकटीच्या नगात येऊ देऊ नका, तिथनंच पुढं चीर जाते, पहिला काप असा घ्यायला सांगा की तो मधला भाग एका फळीत जाईल आणि ती फळी बाजूला काढता येईल. पहिला काप पडला की मशीन थांबवायला सांगून रेषा बघा, कधी कधी आतनं असं लाकूड निघतं की चौकटीचा बेत सोडून त्याची दाराची पॅनल करावीशी वाटतात.

कापून आणलेला माल लगेच सुताराला देऊ नका. नवी इंचाची फळी नीट वाळायला एक वर्ष धरा, जुन्या लाकडाला महिना-दीड महिना पुरतो, कारण कापल्यावर आतला ताण सुटतो आणि फळी थोडी तरी वळते. जमिनीपासनं फूटभर वर, खाली ठोकळे, प्रत्येक थरामध्ये दोन-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाच उभ्या रेषेत, वर वजन, आणि टोकांना ऑइलपेंटचा जाड हात. आपल्याकडं जूनपासनं सप्टेंबरपर्यंत हवेत एवढा दमटपणा असतो की चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आत बुरशी येते. ताडपत्री फक्त वरनं टाका, बाजू मोकळ्या ठेवा.