टर्बो किट स्वतः बसवायचं का? खान्देशातल्या उन्हात निर्णय घेताना

क्लच प्लेट स्वतः बदलता येते, हेड उतरवून परत चढवता येतं, टॉर्क पाना घरात आहे, एवढं गृहीत धरून पुढचं लिहितोय. ज्याला हे जमत नाही त्याने बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीला टर्बो, म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, लावायचा विषय काढूच नये. जमतं त्यानेही एक लक्षात घ्यावं: टर्बो चढवणं हे साधं फिटरकाम आहे, आणि ती गाडी मे महिन्यात भुसावळला जिवंत ठेवणं हे निराळंच काम आहे. व्हिडिओ सगळे पहिल्या कामाचे असतात. निर्णय दुसऱ्यावर घ्यायचा असतो.

आधी कागद

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 स्पष्ट आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळेनाशी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 च्या जानेवारीत तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. "आरटीओवाला काय बॉनेट उघडून बघतो का भाऊ?" असं म्हणणारे मला नेहमी भेटतात. तो बघेल न बघेल, पण मोठ्या अपघातानंतर विम्याचा सर्व्हेयर बॉनेट उघडतोच. न कळवलेला टर्बो दिसला की क्लेम अडकतो, आणि समोरचा माणूस जखमी असेल तर भरपाई घरावर येऊ शकते.

म्हणून एमएच 18, 19 नाहीतर 39 ची पाटी लावून रोज रस्त्यावर धावणारी घरची गाडी असेल, तर माझं उत्तर सरळ 'नाही' आहे. ओढ हवी असेल तर आहे ती गाडी विका आणि कंपनीतूनच टर्बो पेट्रोल आलेली घ्या. नेक्सॉन, व्हेन्यू, फ्रॉन्क्स, यांत ती मिळतात, जुन्या बाजारातही मिळतात. त्यांचे पिस्टन, रेडिएटर, गिअरबॉक्स त्या ताकदीसाठीच बनलेले असतात. पुढचं सगळं ऑटोक्रॉससारख्या स्पर्धेसाठी किंवा स्वतःच्या जागेत चालवायला वेगळ्या ठेवलेल्या गाडीबद्दल आहे.

इंजिन

कॉम्प्रेशन टेस्ट करा. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी रिंग-पिस्टनचं काम, टर्बो नंतर. कंपनीचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) 9 च्या आसपास असलेलं जुनं इंजिन हलका बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, सोसतं. आजकालच्या 11, 12 रेशोच्या पेट्रोल इंजिनांना पिस्टन न बदलता टर्बो लावू नका. "कमी बूस्टवर चालतं" हे वाक्य विकणाऱ्याचं असतं, इंजिन खोलणाऱ्याचं नसतं.

पेट्रोल आणि टायमिंग

आपल्याकडे टर्बो म्हटलं की बोलेरो, स्कॉर्पिओ आणि रावेर-सावद्याहून केळी भरून दिल्लीला निघालेले ट्रक डोळ्यांसमोर येतात. ते सगळं डिझेल. डिझेल इंजिन नुसती हवा दाबतं आणि इंधन अगदी शेवटी फवारतं. पेट्रोलच्या साध्या इंजिनात हवा आणि पेट्रोल आधीच मिसळून आत आलेलं असतं. ते जास्त दाबलं आणि जास्त तापलं, की प्लगची ज्योत पोचायच्या आधीच कडेचं मिश्रण आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. बिनटर्बोच्या गाडीत तो चढावरचा खडखडाट असतो आणि गिअर उतरवला की थांबतो. बूस्टखाली तेच नॉकिंग बघता बघता पिस्टनवरची, दोन रिंगांमधली कड तोडतं. म्हणून डिझेलवर आयुष्य गेलेल्या मिस्त्रीचा हात कितीही चांगला असो, या बाबतीत त्याचा सल्ला घेऊ नका.

आता आपल्या उन्हाचा हिशेब. किटवाला म्हणतो, "फक्त 6 पीएसआय." समुद्रसपाटीला हवेचा दाबच 14.7 पीएसआय असतो, म्हणजे हे 'फक्त' चाळीस टक्के जादा झालं. हवा दाबली की तापते. बाहेर 25 अंश असताना मध्यम प्रतीच्या टर्बोतून 6 पीएसआयला ती सत्तरच्या आसपास निघते. बाहेर 45 असेल तर पंचाण्णवच्या. इंटरकूलर, म्हणजे ही दाबलेली हवा गार करणारी जाळी, तापमान खाली आणतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यात हा इंटरकूलर एसीच्या कंडेन्सरपुढे बसतो, त्याची गरम हवा कंडेन्सरवर आणि तिथून रेडिएटरवर. कन्नड घाटात किंवा तोरणमाळच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, पुढे रांग आणि समोरून वारा नाही, अशा वेळी या तिन्हींचं काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. शेतातल्या कच्च्या ट्रॅकवर कमी वेगात जोर लावतानाही हेच घडतं.

दुसरी अडचण ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची, आणि सगळ्यात जास्त इंजिनं इथेच जातात. बिनटर्बोच्या बहुतेक गाड्यांत इनटेकचा दाब मोजणारा मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो. त्यापुढे बूस्ट 1 असो की 6, ईसीयूला आकडा तोच दिसतो, म्हणून तो पेट्रोल तेवढंच देतो आणि टायमिंगही (प्लगची ठिणगी पडायची वेळ) तेच ठेवतो. स्वस्त किटमध्ये यावर इलाज म्हणून पेट्रोलचा दाब वाढवणारा रेग्युलेटर देतात. त्याने पेट्रोल वाढतं, टायमिंग मागे येत नाही, म्हणजे ठिणगी उशिरा पडत नाही. असलं किट दुकानातच राहू द्या. वरपर्यंत वाचणारा मॅप सेन्सर, मोठे इंजेक्टर, जास्त पुरवठ्याचा पंप आणि स्टँडअलोन ईसीयू (मूळ ईसीयूच्या जागी बसणारा) किंवा टायमिंग हाताळणारा चांगला पिगीबॅक (मूळ ईसीयूला जोडायचा डबा), यांतलं काहीही गाळता येत नाही. इंजेक्टर टर्बोशिवायच पूर्ण जोरात 80 टक्के वेळ उघडा राहत असेल, तर चाळीस टक्के जादा पेट्रोल तो देणार कुठून?

शिवाय पंपावरचं पेट्रोल बदललंय. 2025 पासून सर्रास 20 टक्के इथेनॉल असलेलं मिळतं. इथेनॉल नॉकिंगला विरोध करतं, ही चांगली बाजू. पण त्याला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलसाठी 14.7 ला 1 हे प्रमाण, तर या मिश्रणासाठी साडेतेराच्या आसपास. बाहेरदेशी बनलेल्या किटचा तयार मॅप (ईसीयूतला पेट्रोल आणि टायमिंगचा तक्ता) जसाच्या तसा टाकला तर मिश्रण पातळ राहतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि बूस्टखाली पातळ म्हणजे वितळलेला पिस्टन. म्हणून वाईडबँड सेन्सर (धुरावरून मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा) बसवा आणि त्याचा गेज लॅम्डावर (1 म्हणजे बरोबर प्रमाण, त्याखाली पेट्रोल जास्त) लावून वाचा, म्हणजे इथेनॉल किती आहे याने आकडा फसवत नाही. पूर्ण बूस्टला 0.78 ते 0.82 हवा. गाडीतला मूळ ऑक्सिजन सेन्सर या कामाचा नाही. मिश्रण बरोबर प्रमाणाच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच तो सांगतो.

टायमिंग सुरुवातीला दर पीएसआयमागे एक अंश मागे घ्या, मग ट्यूनर, म्हणजे ईसीयूचे आकडे बसवणारा माणूस, इंजिनावर जोर देऊन ते जुळवेल. हे काम घरी लॅपटॉप मांडीवर घेऊन, मित्राला गाडी पळवायला सांगून करू नका. माझं ठाम मत आहे: फिटिंग तुमचं, ट्यूनिंग डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणारं यंत्र), जाणत्या माणसाचं. त्यासाठी पुण्या-मुंबईकडे जावं लागलं तरी गाडी टोचनने न्या, चालवत नेऊ नका.

तिथे गेल्यावर डिसेंबरमध्ये, पंचवीस अंशांत मॅप बनतो आणि ट्यूनर म्हणतो झालं. आपलं तिथे झालेलं नसतं. त्याला विचारा, इनटेकची हवा 50, 60, 70 अंशांवर गेली की टायमिंग किती मागे येणार, आणि कुठल्या आकड्याला बूस्ट कापला जाणार? तो तक्ता भरलेला दाखवायला सांगा. पुणे साधारण 560 मीटरवर आहे, जळगाव 200 च्या आसपास. खाली हवा दाट, त्यामुळे गेजवर तेच 6 पीएसआय दिसलं तरी सिलिंडरमध्ये हवा जास्त जाते. तेवढी सूट मॅपमध्ये हवी. "काही होत नाही" असं उत्तर आलं तर दुसरा ट्यूनर बघा.

बसवणं

मॅनिफोल्ड, टर्बो, पाइप, क्लॅम्प किटच्या क्रमाने चढवा. ऑईलची परतीची नळी मात्र जाड हवी आणि सरळ उताराने चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यात), ऑईलच्या पातळीच्या वर उतरायला हवी. टर्बोतून ऑईल फक्त वजनाने खाली येतं, नळीला पोट पडलं की ते सीलमधून सायलेन्सरमध्ये जातं आणि निळा धूर सुरू होतो. नळीसाठी चेंबरला भोक पाडायचं तर चेंबर उतरवूनच पाडा. उघडा कोन फिल्टर बॉनेटखाली बसवू नका, तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो.

पहिल्या जोराच्या फेरीनंतर प्लग काढा आणि उन्हात धरून भिंगाने बघा. पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळे ठिपके किंवा चकाकणारे कण दिसले, तर नॉकिंग सुरू आहे, आणि चकाकणारे कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे आहेत. गेज काहीही सांगो, गाडी तिथेच बंद करा. आवाजावर विसंबू नका, मोठ्या सायलेन्सरच्या गोंगाटात नॉकिंग ऐकू येत नाही.

किट मागवायच्या आधी एका कागदावर ईसीयू, इंजेक्टर, पंप, वाईडबँड, डायनो, टोचन आणि इंजिन एकदा पूर्ण खोलायची वेळ आलीच तर त्याचा खर्च लिहा. ही बेरीज किटच्या किमतीपेक्षा मोठी निघाली तर नवल नाही. तेवढे पैसे आज हातात असतील आणि ट्यूनरने तापमानाचा तक्ता कबूल केला असेल तर किट मागवा. यातलं एक जरी नसेल तर मागवू नका, आणि आधीच मागवलं असेल तर खोकं न फोडता परत पाठवा.