लिहिलेली कथा सांगताना

कथा लिहिणारा आणि सांगणारा माणूस एकच असला, की सांगणाऱ्याची पहिली अडचण बहुधा लिहिणाराच असतो. आपण बेतलेले प्रत्येक वाक्य श्रोत्यांपर्यंत जसेच्या तसे पोचावे, असा त्याचा हट्ट असतो. पण वाचक मागचे पान उलटून पाहू शकतो, श्रोत्याला ती सोय नसते. म्हणून सादरीकरणाची संहिता मूळ कथेवरून वेगळी तयार करावी.

त्यासाठी कथा मोठ्याने वाचून श्वास अपुरा पडेल तिथे खूण करावी. ‘रात्री दार उघडे ठेवून गेलेला म्हातारा खोकत आत आला’ हे वाक्य डोळ्यांना चालते. कानांसाठी ते ‘खोकला ऐकू आला. मग म्हातारा. रात्री दार उघडे टाकून गेलेला तो हाच,’ असे फोडावे.

संहिता शब्दशः पाठ करू नये, कारण एक शब्द निसटला की पुढचे सगळेच निसटते. मिलमन पॅरी या अमेरिकी अभ्यासकाने 1933 ते 1935 या काळात युगोस्लाव्हियातील वीरकाव्य गाणाऱ्यांची ध्वनिमुद्रणे केली, तेव्हा हजारो ओळी गाणारे हे गायक ठरावीक शब्दबंध आणि प्रसंगांच्या आधारे दर वेळी काव्य नव्याने रचतात, असे त्याला आढळले. गद्य सांगणाऱ्यानेही प्रसंगांचा क्रम मनात पक्का करावा. पहिले वाक्य, शेवटचे वाक्य आणि कळीचा संवाद एवढेच मात्र अक्षरशः पाठ असावे.

संवादात पात्रागणिक आवाज बदलण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या मते तो टाळलेलाच बरा, कारण सुरुवातीला हौसेने लावलेला घोगरा आवाज पुढे अर्धा तास निभवावा लागतो (आणि घसा तेवढी साथ देत नाही). त्यापेक्षा नजर वापरावी. मूल बोलत असताना ती किंचित वर आणि आई बोलत असताना खाली वळवली, तर ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ यांची गरजच उरत नाही. हशा पिकल्यावर तो पूर्ण विरण्याआधी, ओसरू लागताच पुढचे वाक्य उचलावे. कुजबुजीसाठी माईकच्या जवळ जावे, ओरडताना मागे सरावे.

शेवटची तालीम एकाच श्रोत्यापुढे करावी आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच ती कथा सांगायला लावावी. त्याच्या सांगण्यातून जो प्रसंग गळेल, तो एक तर कापावा किंवा पुन्हा नीट उभा करावा.