पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन कसा मोजावा

विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा तापमानाशिवाय नोंदवला, तर त्यातून फारसा अर्थ निघत नाही. समुद्रसपाटीच्या दाबाखाली, हवेशी संतुलित असलेल्या गोड्या पाण्यात ० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. २० अंशांना ९.१, तर ३० अंशांना जेमतेम ७.६. म्हणून ७.५ हा आकडा कोमट पाण्यात जवळजवळ संपृक्तता (म्हणजे मावेल तेवढा ऑक्सिजन) दाखवतो आणि बर्फगार पाण्यात निम्मी तूट. क्षारांमुळेही विद्राव्यता घटते: २० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात ती ७.४ च्या आसपास असते. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने ती त्याच प्रमाणात उतरते.

लाजोश विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडलेल्या रासायनिक पद्धतीत खरी कसोटी नमुना घेतानाच लागते. ३०० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत नळी तळापर्यंत सोडून पाणी संथपणे भरावे, बाटलीच्या दोन-तीन पट पाणी ओसंडू द्यावे आणि बुडबुडा न अडकवता बूच लावावे. हातमोजे व चष्मा घालून, जागेवरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड यांची द्रावणे प्रत्येकी १ मिलिलिटर, पिपेटचे टोक पाण्याखाली ठेवून सोडावीत. अझाइडमुळे नायट्राइटचा अडथळा दूर होतो. बाटली उलटसुलट केल्यावर तपकिरी साका दिसला तर ऑक्सिजन आहे. तो पांढराच राहिला तर पुढचे अनुमापन (ज्ञात तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने घालून केलेली मोजणी) करण्यात अर्थ नाही. साका खाली बसल्यावर १ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून तो विरघळवावा. ऑक्सिजनच्या प्रमाणात मोकळ्या झालेल्या आयोडीनच्या या द्रावणातील २०१ मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल (तीव्रतेचे एकक) सोडियम थायोसल्फेटने फिकट पिवळ्या रंगापर्यंत अनुमापन करावे, मग स्टार्च घालून निळा रंग प्रथम नाहीसा होताच थांबावे. थोड्या वेळाने निळसर छटा परतली तरी ती मोजू नये. येथे १ मिलिलिटर थायोसल्फेट म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम ऑक्सिजन.

मीटर वापरणे सोपे असले, तरी त्यावर आंधळा विश्वास टाकू नये. बाष्पसंपृक्त हवेत १०० टक्क्यांवर अंशशोधन करून (वाचन ज्ञात मूल्याशी जुळवून) क्षारता आणि हवेचा दाब यांचे आकडे मीटरमध्ये भरावेत. पडदा असलेला विद्युतरासायनिक संवेदक स्वतःच ऑक्सिजन वापरतो, त्यामुळे त्याच्याभोवती पाणी हलते ठेवावे लागते. प्रकाशीय संवेदकाला त्याची गरज नसते. शेवाळयुक्त पाण्यात दुपारी वाचन १०० टक्क्यांपुढे गेले, तर ते प्रकाशसंश्लेषणामुळे असू शकते. तो लगेच यंत्राचा दोष समजू नये. अशा ठिकाणी पहाटेचे वाचन घ्यावेच, कारण रात्रभराच्या श्वसनानंतरची नीचतम पातळी त्याच वेळी सापडते.