अपग्रेड फसल्यावर विंडोज सुरू होत नसेल तर

विंडोजचे अपग्रेड अर्ध्यावर फसले आणि संगणक सुरूच होईनासा झाला, की बहुतेकांच्या मनात पहिला विचार सगळे पुसून नव्याने इन्स्टॉल करण्याचा येतो. वास्तविक तो सर्वांत शेवटचा उपाय आहे. अशा वेळी बहुधा सिस्टीमच्या फाइल्स जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या मध्ये कुठेतरी अडकलेल्या असतात. तुमची कागदपत्रे आणि फोटो मात्र डिस्कवर जागच्या जागी असतात. म्हणून डिस्कला कमीत कमी हात लावणारा उपाय आधी करावा.

संगणक खरोखरच अडकला आहे का, हे प्रथम पाहावे. टक्केवारी एकाच आकड्यावर थांबली असली तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असे समजून दोन-तीन तास वाट पाहावी. केलेले बदल मागे घेतले जात असल्याचा संदेश दिसत असेल, तर विंडोज स्वतःच जुन्या आवृत्तीकडे परतत असते आणि त्या वेळी वीज तोडल्यास सावरू पाहणारे यंत्र पुन्हा आडवे होते. लॅपटॉप असेल तर चार्जर जोडून ठेवावा. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क हे सर्व काढून एकदा संगणक सुरू करून पाहावा. हा उपाय बाळबोध वाटतो, पण पेन ड्राइव्हवरूनच बूट होण्याचा, म्हणजे सुरू होण्याचा, व्यर्थ प्रयत्न करत बसलेले संगणक काही कमी नसतात. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या, संगणकाच्या मूळ सेटिंग्जच्या पडद्यावर) डिस्कचे नावच दिसत नसेल, तर दोष डिस्कमध्ये किंवा तिच्या जोडणीत असण्याची शक्यता अधिक आहे, आणि पुढील उपायांचा उपयोग होणार नाही.

यानंतर रिकव्हरीच्या, म्हणजे विंडोजच्या दुरुस्तीच्या, निळ्या पडद्यापर्यंत पोहोचायचे आहे. विंडोजची खूण दिसू लागताच पॉवरचे बटण सुमारे 10 सेकंद दाबून धरून संगणक बंद करावा. असे लागोपाठ दोनदा केले की तिसऱ्या वेळी हा पडदा सहसा आपोआप येतो. तो आलाच नाही, तर दुसऱ्या संगणकावर किमान 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोजचे इन्स्टॉलेशन माध्यम तयार करून (त्यावर आधी असलेले सर्व पुसले जाते) त्यावरून बूट करावे आणि इन्स्टॉलऐवजी दुरुस्तीचा पर्याय निवडावा.

इथे अनेक जण बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपापाशी अडतात. डिस्क एनक्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेली, असेल तर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर एनक्रिप्शन आपोआप चालू झालेले असते, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. दुसऱ्या यंत्रावरून त्याच खात्यात शिरल्यास ही की बहुधा सापडते; पडद्यावरचा की आयडी तिथल्या नोंदीशी जुळवून घ्यावा.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइल्सची प्रत काढावी. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स या मार्गाने कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची काळी खिडकी) उघडून त्यात नोटपॅड हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करावा. नोटपॅडच्या फाइल मेनूतील ओपनवर गेल्यास समोर येणारी खिडकी फाइल एक्सप्लोररचे काम करते. खाली फाइलचा प्रकार 'ऑल फाइल्स' असा बदलला की सर्व फाइल्स दिसू लागतात, आणि त्या कॉपी करून बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करता येतात. मोठा फोल्डर कॉपी होत असताना ही खिडकी गोठल्यासारखी दिसू शकते. घाईने बंद करू नये. याच खिडकीत विंडोज आणि यूजर्स हे फोल्डर कोणत्या ड्राइव्हवर आहेत हेही पाहून ठेवावे, कारण रिकव्हरीत ड्राइव्हची अक्षरे बदलतात आणि नेहमीचा सी तिथे डी झालेला असू शकतो.

आता ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधील स्टार्टअप रिपेअर एकदा चालवावे. त्याने काम झाले नाही तर पुन्हा पुन्हा चालवण्यात अर्थ नाही. तिथल्याच अनइन्स्टॉल अपडेट्समधील फीचर अपडेट (म्हणजे विंडोजची नवी आवृत्ती) काढण्याचा पर्याय अधिक भरवशाचा आहे. मात्र जुनी आवृत्ती साधारण 10 दिवसच जपून ठेवली जाते, म्हणून यात दिरंगाई नको. अपडेटचे काम अर्धवट लटकले असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये डीआयएसएम, स्लॅश इमेज कोलन डी कोलन बॅकस्लॅश, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्लॅश रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स हे चार भाग इंग्रजी अक्षरांत, प्रत्येक स्लॅशपूर्वी एक जागा सोडून, एकाच ओळीत टाइप करावेत. डीच्या जागी आपण पाहून ठेवलेले अक्षर घालावे. बूट करण्याजोगे काही सापडत नसल्याची तक्रार येत असेल, तर बीसीडीबूट या आज्ञेपुढे एक जागा सोडून विंडोज फोल्डरचा पूर्ण पत्ता दिल्यास बूटच्या फाइल्स नव्याने लिहिल्या जातात.

एवढ्यानेही भागले नाही तरच ट्रबलशूटमधील रिसेटकडे, म्हणजे विंडोज नव्याने बसवण्याच्या पर्यायाकडे, वळावे आणि त्यात 'कीप माय फाइल्स' निवडावे. वैयक्तिक फाइल्स राहतात, पण स्वतः टाकलेले प्रोग्रॅम जातात. संगणक सुरू झाल्यावर तेच अपग्रेड लगेच पुन्हा लावू नये. आधी सी ड्राइव्हवर पुरेशी जागा मोकळी करावी, इतर कंपनीचा अँटिव्हायरस असल्यास तो तात्पुरता काढावा आणि काढलेली प्रत उघडते की नाही, हे दुसऱ्या संगणकावर तपासून घ्यावे.