नवीन क्वार्टरबॅक आलाय, मग अपेक्षा किती ठेवायची?

विषय अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा. दर जानेवारीत आमच्या कोलंबसच्या (ओहायो) व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तरी मेसेज येतोच की दुसऱ्या कॉलेजातून, पोर्टलमधून अमुक आला, आता नॅशनल चॅम्पियनशिप पक्की. आणि ऑक्टोबरात त्याच माणसाचा मेसेज, याला घेतला कोणी रे. मी स्वतः हे दोन्ही मेसेज टाकलेत, तेही एकाच पोराबद्दल आणि एकाच सीझनमध्ये, त्यामुळे हे लिहायचा हक्क मला आहे असं धरून चालतो. ज्यांची मुलं आत्ताच इकडे कॉलेजला लागलीत आणि जे आता शनिवारी सोफ्यावर ओढले जातायत त्यांच्यासाठी मुख्यतः.

नियम पटकन सांगतो. क्वार्टरबॅक म्हणजे जवळपास प्रत्येक प्लेला बॉल ज्याच्या हातात येतो तो, फेकायचा की दुसऱ्याला द्यायचा की स्वतः पळायचं हे दोन-तीन सेकंदात ठरवणारा. पूर्वी कॉलेज बदललं की सहसा एक वर्ष बाकावर बसावं लागायचं, डिग्री पूर्ण झालेल्यांना सूट होती. २०१८ च्या ऑक्टोबरात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं, २०२१ मध्ये एकदा न बसता बदलायची मुभा मिळाली, आणि २०२४ पासून अभ्यासात ठीक असाल तर कितीही वेळा बदला. शिवाय २०२१ च्या जुलैपासून पोरांना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. आपल्याला हे आयपीएलच्या ऑक्शनसारखं वाटतं पण आहे उलटं, इथे पोरगाच आपलं नाव टाकतो आणि कॉलेजं त्याच्या मागे पळतात.

आता कामाचं. नवा पोरगा आला की त्याचे हायलाइट्स बघू नका. म्हणजे बघाल, सगळेच बघतात, मी पण रात्री दीडपर्यंत बघतो, पण त्यावरून काही ठरवू नका कारण हायलाइटमध्ये इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्या टीमने पकडलेले त्याचे पास, नसतात. त्याऐवजी एक कागद घ्या, मागच्या सीझनचे तीन आकडे लिहा आणि फ्रिजवर लावा: शंभर पासपैकी किती पूर्ण झाले, इंटरसेप्शन किती, आणि सॅक, म्हणजे पास फेकायच्या आधीच बॉलसकट आडवा, किती वेळा झाला. यातला पहिला आकडा टीम बदलली की बदलू शकतो, दुसरा बऱ्याचदा पोराबरोबर सामानातून येतो, आणि तिसरा जितका त्याचा तितकाच त्याला वाचवायला समोर उभ्या असलेल्या पाच जाड्या माणसांचा असतो.

आमचंच उदाहरण. विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून २०२४ ला ओहायो स्टेटला आला. तिकडे २०२३ मध्ये त्याचे पास ६१ टक्क्यांच्या आसपास पूर्ण व्हायचे, इकडे ७३ टक्के झाले. पोरगा रातोरात हुशार झाला का? थोडा झाला असेल, पण समोर जेरेमाया स्मिथ आणि इमेका एग्बुका पळत असतील तर तुमचा-माझा पास पण कोणीतरी पकडेल. इंटरसेप्शन मात्र तिकडे दहा, इकडेही दहा (इकडे मॅच जास्त खेळला हे खरं, तरी पण). हे आधीच कागदावर लिहिलं असतं तर मी नोव्हेंबरात एवढा चिडलो नसतो.

यानंतर बघायचं ते सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक हेच बघत नाहीत: पोराबरोबर कोण आलंय, किंवा त्याच्या आधी तिथे कोण पोचलंय. मायकल पेनिक्सचे इंडियानातले चारही सीझन दुखापतीने संपले होते, चार वर्षं, दोनदा गुडघा दोनदा खांदा. २०२२ ला तो वॉशिंग्टनला गेला तेव्हा कोणी शहाणा माणूस त्याच्यावर पैज लावणार नव्हता. पण तिथला नवा हेड कोच केलन डबोअर २०१९ मध्ये इंडियानातच त्याचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे डाव ठरवणारा कोच) होता. म्हणजे प्लेबुकची भाषा ओळखीची, कोचचा ओरडायचा टोन पण ओळखीचा. २०२१ मध्ये ४-८ (चार जिंकल्या, आठ हरल्या) असलेली टीम पुढच्या वर्षी ११-२ आणि त्याच्या पुढच्या वर्षी थेट फायनलला. केलेब विल्यम्सचंही तसंच, ओक्लाहोमाहून कोच लिंकन रायलीच्या मागोमाग यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया) गेला आणि पहिल्याच वर्षी हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, घेऊन आला. बो निक्स ऑबर्नमधून ओरेगनला गेला तिथेही कोऑर्डिनेटर केनी डिलिंगहॅम जुना ओळखीचा.

ओळखीचं कोणी नसेल तर दुसरा प्रश्न विचारा, या कोचने बाहेरून आलेला क्वार्टरबॅक आधी कधी सांभाळलाय का? इंडियानाच्या कर्ट सिग्नेटीने २०२४ मध्ये ओहायो युनिव्हर्सिटीतून आलेल्या कर्टिस रोर्कला घेऊन ११-२ केलं होतं. मग २०२५ ला कॅलहून फर्नांडो मेंडोझा आला तेव्हा गाडी आधीच चालू होती, ड्रायव्हर बदलला फक्त. (फक्त म्हणतोय पण त्याने हाइझमन घेतला, टीम १६-० गेली आणि चॅम्पियन झाली. इंडियाना! पाच वर्षांपूर्वी हे कोणी बोललं असतं तर त्याला आम्ही घरी सोडून आलो असतो.)

याच्या उलट फ्लोरिडा स्टेट. २०२३ मध्ये १३-१, मग जुनी टीम बरीचशी गेली आणि २०२४ ला क्लेमसन, तिथून ओरेगन स्टेट, असा प्रवास करून डीजे उइआंगालेले आला. सीझनआधीच्या रँकिंगमध्ये टीम दहावी. पहिलीच मॅच आयर्लंडच्या डब्लिनला, जॉर्जिया टेककडून २४-२१ हरले, आणि वर्ष संपलं २-१० वर. पोरगा मध्येच हाताला लागून बाहेर बसला, म्हणजे सगळं त्याच्यावर ढकलायलाही जागा नाही. रिकाम्या घरात नवीन टीव्ही आणून लावला तरी घर रिकामंच ना.

ते पाच जाडे, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाईन, त्यांच्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा, शदूर सँडर्स. २०२३, कोलोराडो, पहिल्या मॅचला आदल्या वर्षीच्या फायनलिस्ट टीसीयूला ४५-४२ हरवलं, पोराने ५१० यार्ड फेकले, सगळा देश वेडा झाला, ३-० सुरुवात. वर्षाअखेर ४-८, आणि तो ५२ वेळा सॅक झाला. काही सॅक त्याने बॉल जास्त वेळ धरल्यामुळे झाले हे मान्य, पण ५२! म्हणून पोर्टलची बातमी वाचताना क्वार्टरबॅक आला की लगेच खाली स्क्रोल करून बघा टॅकल (त्या लाईनच्या टोकाचा माणूस) कोण आलाय. ती बातमी दोन ओळींची असते आणि खरी बातमी बऱ्याचदा तीच असते.

मग सीझन सुरू होतो. सुरुवातीच्या सोप्या मॅच खोटं बोलतात. २०२४ ला आम्ही ॲक्रनला ५२-६, वेस्टर्न मिशिगनला ५६-० आणि मार्शलला ४९-१४ हरवलं आणि ग्रुपवर लोक फायनलची विमान तिकिटं बघायला लागले होते. वाईट निकालही तसाच फसवतो. ओरेगनच्या जर्सीत बो निक्सची पहिली मॅच जॉर्जियाविरुद्ध होती, ४९-३ ने हरले. त्या रात्री ओरेगनवाल्यांना विचारलं असतं तर त्यांनी त्याला परत ऑबर्नच्या बसमध्ये बसवलं असतं. २०२३ मध्ये त्याच पोराने ७७.४ टक्के पास पूर्ण करून कॉलेज फुटबॉलचा रेकॉर्ड केला. तेव्हा मत बनवायचं तर पहिली तगडी टीम समोर येऊन जाऊ दे, आणि तिच्यानंतरची एक मॅच पण.

त्या मॅचमध्ये बॉलच्या मागे डोळे फिरवू नका, प्ले सुरू व्हायच्या आधी बघा. प्ले क्लॉक, म्हणजे पुढचा प्ले सुरू करायची मुदत, ४० सेकंदांचं असतं, २०२४ पासून कोच हेल्मेटमधल्या स्पीकरवर बोलू शकतो पण १५ सेकंद उरले की आवाज बंद, पुढे पोरगा एकटा. तेव्हा तो काय करतो? लाईनवाल्यांना हाताने काही दाखवतोय, रिसीव्हरला (पास पकडणाऱ्याला) सरकवतोय, तर रुळलाय. सारखा साइडलाइनकडे बघतोय, घड्याळ शून्याला टेकतंय, डिले ऑफ गेमचे (उशिराच्या दंडाचे) पिवळे रुमाल पडतायत, रिसीव्हर डावीकडे वळला आणि पास उजवीकडे गेला, तर अजून भाषा बसलेली नाही, थोडं थांबा. आणि थर्ड डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, आठ-दहा यार्ड हवे असतात ते पास बघा. बाकी स्क्रीन पासवर (जवळच दिलेला छोटा पास) चाळीस यार्ड मिळाले तर त्याचं क्रेडिट पळणाऱ्याला.

चुकेल तो. चुकणारच. हॉवर्ड ओरेगनला शेवटचे सहा सेकंद उरलेले असताना पळाला आणि खाली घसरला तेव्हा घड्याळ संपलं होतं, ३२-३१ हरलो, फील्ड गोल (पायाने मारायचा गोल) मारायची संधीच मिळाली नाही. मग ३० नोव्हेंबरला घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१०, त्यात त्याचे दोन इंटरसेप्शन. इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, मिशिगनशी हरणं म्हणजे काय, ऑफिसमध्ये सोमवारी कोणी कोणाशी बोलत नाही. मी त्या रात्री माझं टेनेसीविरुद्धच्या प्लेऑफचं तिकीट विकायचं ठरवलं, नंतर खरंच विकलं, आणि २१ डिसेंबरला घरी बसून ती मॅच बघितली, ४२-१७ जिंकलो. पुढे ओरेगनला ४१-२१, टेक्ससला २८-१४, आणि फायनलला नोत्र दामविरुद्ध या पठ्ठ्याने पहिले तेराच्या तेरा पास पूर्ण केले. ३४-२३. तिकिटाचे पैसे अजून मनात मोजतो.

आणि दुसऱ्या वर्षाची वाट बघायची तयारी ठेवा, जर दुसरं वर्ष असेल तर. जो बरो आमच्याकडून २०१८ ला एलएसयूला (लुइझियाना स्टेट) गेला, पहिल्या वर्षी ५७.८ टक्के आणि १६ टचडाउन (बॉल समोरच्याच्या टोकाला पोचवणारे पास), म्हणजे बरा. २०१९ मध्ये जो ब्रेडी नवीन पासिंग ऑफेन्स घेऊन आला, जस्टिन जेफरसन आणि जमार चेस एक वर्षाने मोठे झाले, आणि ७६.३ टक्के, ६० टचडाउन, १५-०. जेडन डॅनियल्सचंही एलएसयूलाच दुसऱ्या वर्षी फुललं. पण हल्ली एकाच वर्षासाठी आलेले खूप असतात, तिथे हे गणित लागू नाही, त्यांना शिकायला वेळ नाही आणि तुम्हालाही थांबायला नाही.

पैशाबद्दल एवढंच, पोराला किती मिलियन मिळाले हे चुकल्यावर उगाळायचं नाही. तो करार त्याने बंदूक दाखवून केलेला नाही. आणि बेटिंग ॲपवरची पार्ले (अनेक पैजा जोडून लावलेली एक पैज) हरली म्हणून वीस-बावीस वर्षांच्या मुलाला इन्स्टावर जाऊन शिव्या घालणारे लोक आपल्यातही आहेत, त्यांना ग्रुपमधून काढा, मी ॲडमिन असतो तर कधीच काढलं असतं.

राहिली जर्सी. पहिल्या आठवड्यात घेऊ नका. माझ्याकडे हॉवर्डची १८ नंबरची आहे, जानेवारीत घाईघाईत घेतलेली, तोवर पोरगा एनएफएलच्या तयारीला लागला होता. त्याच्या पुढच्या, २०२५ च्या सीझनला आमचा क्वार्टरबॅक जुलियन सेयिन, तोही अलाबामातून बदलून आलेला आणि एक वर्ष हॉवर्डच्या मागे बाकावर बसलेला, त्याचा नंबर १०. बायको म्हणते शेवटचा आठ काढून टाक, शून्य शिवून देते.