हात धुवून धुवून उलतात? सौम्य साबण-हँडवॉश असा शोधा

हात धुतले की पाचेक मिनिटांत कातडी ताणल्यासारखी वाटते, बोटांच्या सांध्यांवर पांढरट रेषा दिसतात, लिंबू पिळलं की चरचरतं, आणि थंडी पडली की तर विचारूच नका, चिरा पडून रक्तच येतं. ज्यांचं असं होतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. बहुतेक जण काय करतात, दुकानात जाऊन "काहीतरी माइल्डवालं द्या" म्हणतात आणि दुकानदार जे समोर असेल ते काढून देतो. पाकिटावर कोरफड, बदाम, दूध, मध सगळ्यांचे फोटो असतात. त्या फोटोंवरून काही म्हणजे काही कळत नाही, पाकीट उलटंच करावं लागतं.

आधी खरा गुन्हेगार कोण ते बघा

नवीन काही विकत घ्यायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं लक्ष ठेवा की हात कशाकशात बुडतात. कारण पुष्कळ घरांत बेसिनवरचा हँडवॉश बिचारा बरा असतो आणि हातांची वाट लावतो तो भांड्यांचा बार. तो तेलकट कढई साफ करायला बनवलाय, कातडीवरचं तेल त्याला वेगळं ओळखता येत नाही. त्यात फरशीचं लिक्विड, कपड्यांची पावडर, टॉयलेट क्लीनर आलं. या कामांना ग्लोव्हज हवेतच, नाहीतर महागातला महाग हँडवॉश आणला तरी उपयोग शून्य. रबरी ग्लोव्हजच्या आत पातळ सुती ग्लोव्हज घाला, कारण नुसत्या रबरात घाम साचून परत खाज सुटते, आणि आतून ओले झाले की बदला. काहींना रबराचीच म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी असते, त्यांनी नायट्राइलचे (लॅटेक्स नसलेल्या कृत्रिम रबराचे) घ्यावेत.

साबण की साबण नसलेला?

साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून बनलेला क्षार. त्यामुळे तो अल्कधर्मी असतो, पीएच (आम्ल-अल्क मोजायचा आकडा, ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ९ ते १०. आपल्या त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी, साधारण ४.५ ते ५.५. चांगल्या हातांना याचं काही वाटत नाही, त्वचा थोड्या वेळात आपली आपण पूर्वपदावर येते, पण कोरड्या किंवा इसब असलेल्या हातांना तो वेळच मिळत नाही कारण तेवढ्यात पुढचं धुणं येतं.

दुसरा प्रकार सिंडेट, म्हणजे कृत्रिम सौम्य डिटर्जंटची वडी. दिसते साबणासारखीच पण आत साबण नसतो किंवा कमी असतो, आणि पीएच त्वचेच्या जवळ ठेवता येतो. सेटाफिल, सेबामेड यांच्या वड्या या जातीतल्या, मेडिकलमधे मिळतात. डव्हमधेही मुख्य घटक सिंडेटचाच आहे, पण त्याच्या नेहमीच्या वडीला वास असतो हे लक्षात ठेवा. सेबामेडने २०२१ च्या जानेवारीत बाकीच्या साबणांचे पीएच आकडे जाहिरातीत छापले तेव्हा केवढा गोंधळ झाला होता, प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं. त्या भांडणात एक बरं झालं, पीएच हा शब्द घराघरात पोचला.

आता टीएफएम. "ग्रेड १ साबण घ्या, टीएफएम ७६ च्या वर हवा" हा सल्ला तुम्ही शंभरदा ऐकला असेल. टीएफएम म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धाम्लांचं प्रमाण, आणि भारतीय मानकात टॉयलेट सोपला ग्रेड १ साठी किमान ७६, ग्रेड २ साठी ७० आणि ग्रेड ३ साठी ६० टक्के लागतं. माल भेसळीचा नाही, उगाच भर घातलेली नाही हे यावरून कळतं, ठीक आहे. पण ७६ टक्केवाला साबणही साबणच, पीएच तेवढाच. उलट सिंडेटवाल्या वड्या "बेदिंग बार" या गटात येतात, तिथे किमान मर्यादा ४० टक्केच आहे, म्हणून टीएफएम बघत बसलात तर नेमकी तुमच्या कामाची वस्तू तुम्ही परत शेल्फवर ठेवाल. अर्थात स्वस्त, भरताड घातलेल्या वड्यापण बेदिंग बार म्हणूनच विकल्या जातात, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका.

हळदीची टेस्ट

हे घरी करून बघाच, पोरांनाही मजा येते. अर्धा चमचा हळद थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या जाडसर कागदावर फासा, वाळू द्या. मग वडी ओली करून कागदाच्या एका कोपऱ्यावर घासा. साधा साबण असेल तर तो पिवळा रंग बघता बघता विटकरी लाल होतो. पांढऱ्या शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल होतो ना, तेच. (हळदीत चुना घालून कुंकू करायचे तेही याच तत्त्वावर.) सिंडेट घासला तर कागद पिवळाच राहतो. दोन-तीन वड्या घरात असतील तर एकाच कागदावर शेजारी शेजारी घासून खाली पेनाने नावं लिहा, फरक एकदम डोळ्यात भरतो.

पण ही टेस्ट फक्त अल्कधर्मी आहे की नाही एवढंच सांगते. पंपवाले बरेच हँडवॉश यात आरामात पास होतात आणि तरी हात कोरडे करतात, कारण त्यातलं डिटर्जंट कडक असतं. म्हणून पुढची पायरी.

मागची बारीक अक्षरं

मोबाईलचा कॅमेरा झूम करा आणि घटकांची यादी वाचा. यादी साधारणपणे जास्तीकडून कमीकडे जाते, त्यामुळे पहिली पाच-सहा नावं महत्त्वाची.

वडीवर सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नेलेट, सोडियम कोकोएट अशी नावं सुरुवातीला असतील तर तो साबण आहे, पुढे कितीही कोरफड असू दे. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट सुरुवातीला असेल तर सिंडेट.

लिक्विडमधे सोडियम लॉरिल सल्फेट दिसलं तर ठेवून द्या. त्वचेला किती त्रास होतो हे मोजायच्या प्रयोगांत मुद्दाम जळजळ व्हावी म्हणून हेच वापरतात, यावरून काय ते समजा. सोडियम लॉरेथ सल्फेट हे त्याचं जरा मवाळ भावंड, भारतातल्या बहुतेक हँडवॉशमधे हेच असतं, काहींना चालतं, फुटलेल्या हातांना नको. कोको ग्लुकोसाइड, डेसिल ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बीटेन, सोडियम कोकोइल ग्लायसिनेट ही नावं जास्त बरी, क्वचित कुणाला यांचीही ॲलर्जी निघते. ग्लिसरीन जितकं वर तितकं चांगलं. फेस कमी येईल, येऊ दे. फेस आणि स्वच्छता यांचा संबंध आपल्या डोक्यात जाहिरातींनी बसवलाय.

यानंतर वास. माझ्या मते नाजूक हातांसाठी हा मुद्दा पीएचपेक्षाही मोठा आहे आणि लोक यालाच सगळ्यात कमी महत्त्व देतात. परफ्यूम, फ्रॅग्रन्स, पार्फम, लिमोनीन, लिनालूल, जिरॅनिऑल हे सगळं सुगंधाच्या खात्यात. "हर्बल" म्हणून जो टी-ट्री, गवती चहा, संत्र्याचं तेल घातलेला हँडवॉश असतो तोही सुगंधीच, त्वचेला नैसर्गिक-कृत्रिम कळत नाही. आणि "अनसेंटेड" लिहिलेल्यात कधीकधी वास दाबायला दुसरा वास घातलेला असतो, "फ्रॅग्रन्स फ्री" असेल ते घ्या आणि तरीही यादी वाचा. मिथाइलआयसोथायझोलिनोन नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह दिसलं तरी टाळा, अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याला "ॲलर्जन ऑफ द इयर" ठरवलं होतं. "डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड" आणि "हायपोअलर्जेनिक" (म्हणजे ॲलर्जी कमी होते असा दावा) वाचून भुलू नका, टेस्टचा निकाल काय लागला ते कुठे लिहिलंय?

जंतुनाशकवाल्यांचंही तेच. घरातल्या वापराला साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त काही करतात याचा पुरावा कंपन्यांनी दिला नाही म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियंत्रण खात्याने, २०१६ मधे ट्रायक्लोसान या जंतुनाशकासकट १९ घटक अशा साबणांतून काढायला लावले. घरात विशेष कारण नसेल तर पैसे वाचवा.

घरगुती काही चालेल का

डाळीचं पीठ चालतं, फक्त बारीक दळलेलं हवं आणि चिरा पडलेल्या हातांवर रगडायचं नाही. रिठ्याचं पाणी नैसर्गिक आहे म्हणून सौम्य असेल असं नाही, डोळ्यात गेल्यावर कळतं. लिंबू तर अजिबात नको, एकतर झोंबतं आणि लिंबाचा रस लागलेले हात उन्हात गेले तर काळे डाग आणि फोडसुद्धा येतात.

आणल्यावर लगेच सगळ्या घराला लावू नका

लहान पॅक घ्या. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा लावा, पाच मिनिटांनी धुवा, असं आठवडा-दहा दिवस. लाल झालं, खाज आली तर ते तुमचं नाही. ठीक वाटलं तर मग हातांना वापरा आणि त्या काळात दुसरं काही नवीन सुरू करू नका, नाहीतर त्रास कशाने झाला तेच कळणार नाही.

बोअरचं जड पाणी असेल तर सिंडेटचा आणखी एक फायदा. साबण त्या पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर पांढरा साका करतो, तो बेसिनवर बसतो तसा हातावरही बसतो. सिंडेटचं तसं होत नाही.

आणि हँडवॉश संपत आला की बाटलीत पाणी ओतून हलवायची आपल्याकडची सवय, ती सोडा. प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं आणि जंतू वाढायला मोकळे.

धुताना आणि धुतल्यावर

कोमट किंवा साधं पाणी. गरम पाण्याने हात जास्त स्वच्छ होत नाहीत, फक्त जास्त कोरडे होतात. वीस सेकंद चोळा, अंगठी काढून, कारण तिच्याखाली साबण अडकून राहतो आणि तिथेच गोल चट्टा उठतो. मग सुती पंच्याने टिपा, घासू नका, बोटांच्या बेचक्यातलं पाणी विसरू नका. बाहेर दुसऱ्यांचा साबण वापरावा लागतो, तर पर्समधे आपली छोटी बाटली ठेवा. हात दिसायला स्वच्छ असतील तर ग्लिसरीनवाला सॅनिटायझर वारंवार साबण लावण्यापेक्षा त्वचेला बरा पडतो, चिरांवर मात्र झोंबेल.

हात जरा ओलसर असतानाच क्रीम. हे नाही केलं तर वरचं सगळं अर्धंच. दिवसा ग्लिसरीन किंवा सेरामाइडवालं (त्वचेत मुळात असतो तसा स्निग्ध घटक), बिनवासाचं. रात्री व्हॅसलीन नाहीतर खोबरेल, नाहीतर कोकणातून कुणी आणून दिलं तर कोकमाचं तेल. ते मुठेल म्हणजे घट्ट गोळाच असतो, चमच्यात जरा गरम करून चिरेत भरायचं आणि वर सुती हातमोजे घालून झोपायचं. टाचांना पिढ्यान् पिढ्या लावतात, हातांनाही लावून बघायला हरकत नाही. युरियावालं क्रीम चांगलं, पण उघड्या चिरेवर चरचरतं, म्हणून आधी चीर भरू द्या.

डॉक्टरकडे कधी

तीन-चार आठवडे हे सगळं करून फरक नाही, पाणी भरलेले बारीक फोड येतायत, पू आहे, रात्री खाजेने झोपमोड होते, किंवा एकाच हाताची साल निघतेय (हे फंगलही असू शकतं), तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. मेडिकलवाल्याने दिलेलं "खाजेचं ट्यूब" लावत बसू नका, त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, आधी बरं वाटतं, मग त्वचा पातळ होते आणि फंगल असेल तर पसरतं. ॲलर्जीचा संशय असेल तर पॅच टेस्टबद्दल (पाठीवर पट्ट्या चिकटवून ॲलर्जी कशाची ते बघतात) विचारा. जाताना घरातल्या साबण, हँडवॉश, भांड्यांचा बार, क्रीम सगळ्यांच्या मागच्या बाजूचे फोटो काढून न्या, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.