घरातलं सायकलिंग: थंडीतल्या या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा सहा-सातवर आला, की पहाटे हायवेला सायकल काढायची हिंमत होत नाही. धुकं, त्यात कापसाच्या गाड्या. मग मागचं चाक ट्रेनरवर, म्हणजे चाक रोलरला टेकवून जागच्या जागी फिरू देणाऱ्या स्टँडवर, चढवायचं आणि पुढच्या खोलीतच पॅडल मारायचं. मी अख्खा एक हिवाळा खिडक्या लावून, पंखा बंद ठेवून, वर स्वेटर घालून हेच केलं. सगळ्यात मोठी चूक तीच.

वीस मिनिटांत धाप लागायची. गिअर तोच, वेग तोच, पण ठोके १४० वरून १६० वर. मला वाटलं, वय झालं! रस्त्यावर पंचवीसच्या वेगात वारा अंगातली उष्णता ओढून नेतो. घरात सायकल जागच्या जागी, घाम वाळतच नाही. अंग थंड करायला शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं आणि ठोके चढतात. छताचा पंखा पुरत नाही, वारा समोरून छातीवर हवा. त्यासाठी खान्देशात नवीन काही घ्यायला नको. उन्हाळ्यातला कुलर चादर पांघरून गॅलरीत उभाच असतो. जाळीतली धूळ झटका, पंपाचं बटण बंद ठेवा, फक्त पंखा लावा. आई म्हणालीच, "थंडीमा पंखा काब्र लावस रे?"

हँडलवर टॉवेल टाकायला विसरू नका. माझ्या हँडलचा बोल्ट घामानं असा गंजला, की ॲलन-की (षटकोनी चावी) आत बसेना. पाण्याची बाटलीही हाताशी हवी. थंडीत तहान कळत नाही.

जोर लावला की चाक सर्रकन घसरतं आणि खाली काळी भुकटी पडते? रोलर सैल आहे किंवा टायरमध्ये हवा कमी आहे. थंड पहाटे हवेचा दाब उतरतो, म्हणून रोज तपासा. स्मार्ट ट्रेनर (ॲपला जोडून जोर मोजणारा) असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचं मोजमाप जुळवणं, दहा मिनिटं चालवून, टायर गरम झाल्यावर करा. एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) गोट्यांच्या टायरनं खालच्या मजल्यावरचे जागे होतात; गुळगुळीत टायर लावा.

हात बधिर होत असतील तर पुढचं चाक बघा. ट्रेनरवर मागचं चाक उचललं जातं, सायकल पुढे कलते आणि भार हातांवर येतो. पुढच्या चाकाखाली जुना पाट सरकवला, काम झालं.

बूड दुखण्याचं कारण वेगळं. रस्त्यावर आपले खड्डेच आपल्याला सीटवरून उठवतात. घरात ते काम स्वतः करायचं: दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पॅडल मारा.

आणि रोज जीव तोडून नको. आठवड्यातून दोन दिवस जोर, बाकी दिवस बोलता येईल इतपतच.

उतरल्यावर मात्र आईचं ऐकायचं. आधी कुलर बंद, मग ओला टी-शर्ट बदलायचा, आणि स्वेटर आत्ता घालायचा.